हिवाळ्यात पाली-भिरा: देवकुंडचा धबधबा आणि सरसगड, पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्यांसाठी

थंडी पडली की ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी "चला रे ट्रेकला" टाकतं, मग दोन दिवस नुसता काथ्याकूट होतो आणि शेवटी सगळे लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन घरी. ज्यांना खरंच जायचंय पण आधी कधी डोंगर चढलेला नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. जागा आपल्या कोकणातली, रायगड जिल्ह्यातली पाली आणि भिरा. शनिवारी देवकुंडचा धबधबा, रविवारी सकाळी सरसगड, आणि पायांनी साथ दिली तर पुढच्या खेपेला सुधागड. कुठेच दोर वगैरे लागत नाही, धडधाकट माणूस आरामात करू शकतो, फक्त वेळेचं गणित चुकवायचं नाही. या अख्ख्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर ते घड्याळ ठेवा, बाकीचं वाटेत कुणीही सांगेल.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरात गवत डोक्याएवढं असतं, वाटा बुजलेल्या असतात आणि परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. मार्च लागला की विषय संपला, भिऱ्याचं नाव तेव्हा उकाड्याच्या बातम्यांत येतं, २०१७ च्या मार्चमधली ४६.५ अंशांची नोंद तर चांगलीच गाजली होती (तो आकडा खरा की यंत्राची चूक यावर नंतर वाद झाला, पण तिथे मार्चमध्ये दुपारी चालून बघा म्हणजे वादात पडायची गरज उरणार नाही). आणि पावसाळ्यात देवकुंडला जाऊच नका. बुडून माणसं गेलीत म्हणून जिल्हा प्रशासन पावसाळ्यात तिथे बंदी घालतं, तरी लोक आडवाटेनं घुसतात. याच पट्ट्यातली अंबा नदी १९८९ च्या जुलैमध्ये एका रात्रीत जांभूळपाडा गाव घेऊन गेली, इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा पाणी कसं चढतं ते.

आता हिवाळ्याचं. कोकणातली थंडी पहाटेपुरती. भिऱ्याला पहाटे पाच-सहाला चांगलं गारठायला होतं, दव इतकं पडतं की गाडीची काच पुसावी लागते, आणि त्याच दिवशी दुपारी एक वाजता पारा तिशीच्या वर. त्यात इथली एक गंमत नवख्यांना माहीत नसते. सह्याद्रीची भिंत आपल्या पूर्वेला उभी आहे, त्यामुळे पायथ्याच्या गावांत ऊन उशिरा उतरतं, आठ वाजले तरी सावलीच असते आणि लोकांना वाटतं अजून सकाळच आहे, बसू निवांत, अजून एक चहा घेऊ. मग निघतात नऊला, आणि साडेदहाला कातळावर भाजून निघतात. काळा दगड तापला की हात टेकवत नाही. दुसरीकडे संध्याकाळी सहा-सव्वासहाला सूर्य गेला, आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीपासूनच अंधारून येतं. म्हणजे दिवस बारा तासांचाही नाही, आणि त्यातले तुमच्या कामाचे तास सहा-सात, सकाळचे.

म्हणून घरूनच दोन वेळा ठरवून निघा, एक चालायला लागायची आणि दुसरी मागे फिरायची. मागे फिरायची वेळ झाली की जिथे असाल तिथून फिरायचं, धबधब्याचा आवाज ऐकू येत असला तरी. ही दुसरी वेळ ग्रुपमध्ये मोठ्यानं सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी कुणीतरी "अरे दहा मिनिटंच राहिली" करतंच करतं.

तारीख निवडताना कॅलेंडरवर चतुर्थी बघून घ्या. पाली म्हणजे बल्लाळेश्वर, अष्टविनायकातला. संकष्टीला गर्दी असते, अंगारकीला तर गाडी लावायला जागा नाही, आणि माघी गणेशजयंतीला यात्रा, तेव्हा रूम विसरा. बाकीच्या वेळी मात्र याच देवामुळे पालीत राहायची-जेवायची चंगळ आहे, भक्तनिवास, लॉज, घरगुती खानावळी सगळं आहे, म्हणून मुक्काम पालीतच करा असं मी सांगते.

पोचायचं कसं

मुंबईकडून खोपोली मार्गे पाली, खोपोलीपासून साधारण चाळीस किलोमीटर. गोवा हायवेनं यायचं तर नागोठणे सोडून वाकण फाट्याला डावीकडे वळायचं, तिथून दहाएक किलोमीटर, पण वडखळच्या ट्रॅफिकची मानसिक तयारी ठेवून. रेल्वेनं यायचं असेल तर दिवा-रोहा गाडीनं नागोठणे आणि पुढे एसटी नाहीतर मिनीडोर, म्हणजे सीटवर चालणारी तीनचाकी. पुण्याचे लोक सरळ ताम्हिणी घाट उतरून विळ्याहून पाटणूस-भिरा गाठतात, त्यांना पहिल्या दिवशी पालीला यायची गरजच नाही, धबधबा उरकून संध्याकाळी पालीत या. पालीहून भिऱ्याला स्वतःची गाडी असेल तर तास-सव्वा तास धरा. एसटी आहे पण मोजकी, तेव्हा आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी खिडकीवर विचारा, इंटरनेटवरच्या टाइमटेबलवर विसंबू नका. चार-पाच जण असाल तर पालीतून इको गाडी ठरवून घेणं सगळ्यात सोपं.

महिनाभर आधी

जिम लागत नाही. बिल्डिंगचे जिने चढा, पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन, आणि महत्त्वाचं म्हणजे लिफ्टनं खाली येऊ नका, उतरा पण जिन्यानंच. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. गुडघे आणि मांड्या जातात त्या उतरताना, आणि ज्याची सवय नसते त्याचे पाय सरसगडच्या पायऱ्यांवर लटलटायला लागतात. रोज अर्धा तास, महिनाभर, बास.

सॅकमध्ये काय

पाणी माणशी तीन लिटर. हो, तीन. "हिवाळा आहे, एक बाटली पुरेल" म्हणणारा माणूस अकरा वाजता तुमची बाटली मागतो. त्यातल्या अर्ध्या लिटरमध्ये ओआरएस किंवा नुसतं लिंबू-मीठ-साखर. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, दुपारसाठी पोळी-भाजी नाहीतर ठेपले. वेफर्स आणून काय होतं तर फक्त तहान लागते आणि पाकिटं उरतात.

बूट ग्रिपवाले, आणि आधी पंधरा दिवस घालून मोकळे केलेले. महागडेच पाहिजेत असं काही नाही, सह्याद्रीत अर्धी दुनिया साध्या अ‍ॅक्शन ट्रेकिंग बुटांवर फिरते. जॉगिंगचे गुळगुळीत सोलवाले चालणार नाहीत. आणि आदल्या रात्री पायाची नखं कापा. हसू नका. उतरताना अंगठा सारखा बुटाच्या टोकावर आपटतो आणि नख मोठं असेल तर घरी येईपर्यंत काळंनिळं होतं.

पँट फुल, शर्ट फुल बाह्यांचा. कारण खाजकुयली, अंगाला लागली की खाज सुटणारी रानवेल. हिवाळ्यात हिच्या शेंगा वाळतात, तपकिरी, मखमली, बघायला छान, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, आणि त्यांची लव वाऱ्यानंही उडून अंगावर येते. लागली तर चोळायचं नाही, चोळलं की पसरते. आधी चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग भरपूर पाण्यानं धुवा, कपडे बदला. ती आणि कुसळं, दोघांपासून फुल पँटच वाचवते. शॉर्ट्समध्ये फोटो चांगले येतात हे मान्य.

बाकी मग टॉर्च (मोबाइलचा नाही, डोक्याला लावायचा, हात मोकळे राहतात), टोपी, क्रेप बँडेज, स्वतःची औषधं, पहाटेसाठी एक हलकं जॅकेट, कचऱ्यासाठी पिशवी, आणि रोख पैसे, कारण रेंज नसेल तिथे जीपे चालत नाही. डिओ-परफ्यूम घरी ठेवा, कारण पुढे येईलच.

शनिवार: देवकुंड

भिऱ्याला सकाळी सात-साडेसातला पोचा. गावात गाडी लावायला जागा आहे, थोडे पैसे घेतात, द्या. इथे वाटाड्या घ्यावाच लागतो आणि घ्यायलाच हवा. गावातलीच पोरं असतात, रान त्यांच्या पायाखालचं, कुठला ओढा कुठे ओलांडायचा, कुठे दगड निसरडा, सगळं पाठ. दर आधी विचारून घ्या, मग घासाघीस करू नका. "गुगल मॅप आहे की" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की जंगलात शिरल्यावर रेंज जाते आणि ढोरवाटा इतक्या फुटतात की गुरांनाच माहीत कुठली कुठे जाते. दुपारनंतर नवीन लोकांना आत सोडत नाहीत, तेही बरोबरच आहे.

वाट एका बाजूला साधारण सहा-सात किलोमीटर, दोन ते अडीच तास. सुरुवातीला भिरा धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं, जवळपास सपाट. भिऱ्यालाच टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, १९२७ पासूनचं, वर घाटमाथ्यावरच्या मुळशीचं पाणी पाइपांतून खाली आणून त्यावर वीज करतात. त्याच मुळशी धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. वीज करून सोडलेलं पाणी पुढे कुंडलिकेत जातं आणि कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. हे सगळं सांगायचं कारण असं की धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात पाणी कमी दिसलं म्हणून उतरून बसू नका, फोटोला सुद्धा नाही. आभाळ निरभ्र असलं तरी पाणी सोडलं की पात्र भरतं.

धरणाचं पाणी मागे पडलं की झाडी सुरू. इथे सावली असते म्हणून जाताना अजिबात त्रास होत नाही. ओढे ओलांडावे लागतात, हिवाळ्यात पाणी घोट्याएवढं नाहीतर नुसते दगडच, पण शेवाळलेल्या हिरव्या-काळ्या दगडावर पाय ठेवायचा नाही, कोरड्या खरखरीत दगडावरच ठेवायचा, आणि दोन दगडांच्या मधे उडी मारण्यापेक्षा सरळ पाण्यातून गेलेलं बरं. बूट ओले झाले तर वाळतील. मनगट मोडलं तर मात्र सहा किलोमीटर मागे चालायचंय आणि उचलून न्यायला कुणी नाही. शेवटचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांतून वर चढतो, तिथे हात वापरा, लाज वाटायचं काही कारण नाही.

आणि मग कुंड. तिन्ही बाजूंनी उभा कातळ आणि वरून पाण्याची एकच धार सरळ खाली. पावसाळ्यातल्या रीलमध्ये दिसतो तसा लोंढा हिवाळ्यात नसतो हे आधीच सांगते, नाहीतर येऊन नाराज व्हाल. धार बारीक असते, पण त्यामुळेच पाणी नितळ, हिरवं-निळं, आणि मागचा कातळ नीट बघता येतो. त्यावरचे आडवे थर दिसतील, एकावर एक. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांनी पसरत गेला त्याचे ते थर, इथला सह्याद्री त्याचाच बनलाय. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर पाण्यानं आधी झिजतो, वरचा कठीण तसाच लटकतो, म्हणून इथे पाणी कड्यावरून घसरत न येता सुटं खाली पडतं.

हेच ध्यानात घेऊन पुढचं वाचा. वरचा थर लटकतोय म्हणजे त्यातून दगड सुटतात. धारेच्या बरोबर खाली जाऊन उभं राहायचा मोह सगळ्यांना होतो, करू नका. वरून येणारी सुपारीएवढी खडी सुद्धा तेवढ्या उंचीवरून डोकं फोडते. दुसरं, कुंडात पोहू नका. दोर बांधलेला असेल तर त्याच्या अलीकडेच राहायचं, आणि वाटाड्या नाही म्हणाला तर नाही. "मला पोहता येतं" हे कारण चालत नाही, बुडालेल्यांतही पोहता येणारे असतात. धार पडते तिथल्या पाण्यात फेस असतो, फेस म्हणजे हवा, आणि हवेनं भरलेलं पाणी अंगाला नेहमीसारखं वर उचलून धरत नाही. पडणारं पाणी खाली जाऊन फिरतं तेही माणसाला आत ओढतं. त्यात कुंडावर ऊन जेमतेम येतं म्हणून पाणी बर्फासारखं, आपण दोन तास चालून तापलेले, एकदम उतरलं की पायात गोळा येतो, काहींचा श्वासच अडकतो. काठावर बसून पाय सोडा, तोंड धुवा, डबा खा. तेवढ्यात पण मजा आहे हो.

मागे फिरायची वेळ इथे बारा धरा. म्हणजे साडेसातला निघालात तर दहाला कुंडावर, दोन तास बसा, अडीचपर्यंत गावात. परतताना शेवटचा उघडा पट्टा भर उन्हात येतो, त्यासाठी एक लिटर पाणी राखून ठेवा. गावात आधी सांगून गेलात तर जेवण तयार मिळतं, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर पिठलं. मासे-मटण पाहिजे असेल तर सकाळी सांगा, आयत्या वेळी मावशी कुठून आणणार.

शनिवारची संध्याकाळ

लवकर झोपा हेच खरं सांगणं आहे, पण जानेवारी-फेब्रुवारीत गेलात आणि कुणी पोपटीला बोलावलं तर जा. वालाच्या ताज्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, असं सगळं मडक्यात भांबुर्डी नावाच्या वासाच्या रानझाडाच्या पाल्यात दाबून भरतात, मीठ-ओवा टाकतात, पाणी एक थेंब नाही, मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवतात. अर्ध्या-पाऊण तासानं मडकं उघडलं की जो वास येतो तो भांबुर्डीचा, दुसऱ्या कशाला नाही. फक्त हा उद्योग शेतातच, गावकऱ्यांबरोबर. उत्साहाच्या भरात गडावर कुणी शेकोटी करायची नाही, हिवाळ्यात गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी आणि अख्खा डोंगर वणव्यात. सिगारेटवाल्यांनाही हेच.

रविवार: सरसगड

पालीत कुठेही उभे राहा, देवळाच्या मागे जो काळा उभा सुळक्यासारखा डोंगर दिसतो तो सरसगड. उंची साधारण ४९० मीटर. याला पगडीचा किल्ला पण म्हणतात, लांबून बघितलं की का ते कळतं. आकड्यानं लहान वाटतो पण माथ्याचा सगळा भाग निखळ कातळ आहे, आणि नवख्या माणसाला कातळाची ओळख करून घ्यायला याच्याइतकी चांगली जागा जवळपास नाही.

सहा-सव्वासहाला टॉर्च लावून निघा. देवळाजवळून वाट विचारून घ्या, सकाळी दर्शनाची लगबग असते, कुणीही सांगेल. पहिला तासभर साधी चढण, झाडोरा, मग घसारा. घसारा म्हणजे वाळलेली मुरमाड माती आणि खडी, पाय टाकला की सरकते. चढताना पूर्ण पाऊल टेकवा, चवड्यावर चढू नका, वाकडीतिकडी नागमोडी वाट घ्या. गवताला धरून वर ओढून घेऊ नका, वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं. दोघांत चार-पाच हात अंतर ठेवा, आणि पायाखालून दगड सुटला तर मोठ्यानं "दगड!" ओरडायचं, खालच्यांनी वर बघायचं नाही, डोकं झाकून डोंगराला चिकटायचं. एवढं पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना सांगून ठेवा.

मग त्या ९६ पायऱ्या. दोन कड्यांमधल्या अरुंद नळीत अख्ख्या कातळातून कोरून काढलेल्या, एकेक पायरी अशी उंच की लहान चणीच्या माणसाला गुडघा पार वर घ्यावा लागतो. खाली उभं राहून वर बघितलं की पायऱ्यांच्या शेवटी दरवाजा दिसतो आणि त्यातून आभाळाचा तुकडा. कोवळ्या उन्हाच्या आधी इथे पोचलात तर दगड गार असतो आणि दवानं ओलसर पण, म्हणून पाय पायरीच्या मध्यावर नाही तर आतल्या कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला ठेवा, मधला भाग शेकडो वर्षं पाय घासून गुळगुळीत झालाय. नियम एकच, दोन हात आणि दोन पाय यातले तीन कायम दगडाला टेकलेले, एका वेळी एकच हलवायचं. वजन पायांवर. हातांनी ओढून चढलात तर वर पोचेपर्यंत दंड भरून येतात. मधे थांबायचं असेल तर बाजूला सरकून थांबा, मागच्याची वाट अडवून सेल्फी नको.

इथेच तो परफ्यूमचा मुद्दा. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असू शकतं, मोठी मधमाशी, काळीशी लोंबती पोळी. तीव्र वास, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन, या चार गोष्टींनी ती उठते, आणि उठली की एकटी येत नाही. पोळं दिसलं तर गुपचूप खाली मान घालून पुढे व्हा. अंगावर आल्याच तर हातवारे करायचे नाहीत, तोंड-मान-कान कपड्यानं झाकून जमेल तितकं लांब जायचं, पण पायऱ्यांवर असाल तर धावायचं नाही, तिथे पडण्याचा धोका डंखापेक्षा मोठा. बऱ्याच माश्या चावल्या, ओठ-घसा सुजायला लागला, श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना, घरगुती उपाय करत बसू नका.

दरवाज्यातून आत गेलात की पहारेकऱ्यांच्या देवड्या म्हणजे बसायच्या जागा, पुढे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, त्यातला मोती हौद प्रसिद्ध. पाणी चांगलं म्हणतात, मी तरी स्वतःचंच पिते. इथून बालेकिल्ला अजून पंधरा-वीस मिनिटं वर, माथ्यावर केदारेश्वराचं छोटं देऊळ आणि तळं. साडेआठपर्यंत पोचलात आणि धुकं खाली दरीत असेल तर सुधागड, तैलबैलाच्या त्या दोन सरळ भिंती, घनगड, सगळं ओळीनं दिसतं, खाली अंबा नदीचं वळण आणि पाली गाव. दहाच्या पुढे धुरकट होतं, मग काही दिसत नाही. कड्याच्या टोकावर जाऊन पाय सोडून बसायची हौस असते काहींना, गवताखाली कडा नेमका कुठे संपतो ते दिसत नाही, चार हात अलीकडेच थांबा.

मागे फिरायची वेळ इथे साडेनऊ. उतरताना पायऱ्यांवर भीती वाटली तर तोंड दगडाकडे करा आणि शिडी उतरतो तसं उतरा. खाली कुणीतरी अनुभवी आधी जाऊ दे, तो खालून "डावा पाय अजून थोडा खाली" असं सांगत राहील. कुणाचे पाय थरथरत असतील तर हसायचं नाही, घाई करायची नाही, सॅक काढून दुसऱ्यानं घ्यायची. घसाऱ्यावर गुडघे वाकवून, छोटी पावलं, पाय थोडे आडवे टाकत. मागे रेलायचं नाही, मागे रेलला तो घसरला. बुटाची नाडी उतरण सुरू व्हायच्या आधी घट्ट बांधून घ्या. अकराला पालीत, आंघोळ, दर्शन, जेवण. देवळात चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगीज घंटा आहे ती बघायची राहू देऊ नका.

पुढच्या खेपेला सुधागड

हे दोन्ही नीट जमले तर सुधागड करा, तो मुक्कामाचा गड. पालीहून पाच्छापूर-ठाकूरवाडी, तिथून वाटेत एक लोखंडी शिडी, दीड-दोन तासांत माथा. दुसरी वाट धोंडशातून महादरवाज्यानं, ती लांब पण रुबाबदार, रायगडासारखा गोमुखी बांधणीचा, म्हणजे बुरुजांच्या वळणाआड लपलेला दरवाजा आहे. वर भलंमोठं पठार, भोराई देवीचं देऊळ, भोवती वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड), आणि पंतसचिवांचा वाडा ज्यात राहता येतं. गड पंतसचिव घराण्याच्या भोर संस्थानात होता १९४८ पर्यंत, म्हणून सचिवांचा वाडा. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला तेव्हा याच पायथ्याच्या पाच्छापूरला उतरला होता. वर रात्री खरंच थंडी वाजते, तिथे मात्र स्लीपिंग बॅग घ्या, आणि वाड्यात खरकटं टाकू नका, उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात.

सापांचं निघालंच तर, हा फुरशांचा, म्हणजे एका विषारी सापाचा मुलूख आहे. वीतभर-हातभर लांबीचं, दगडाच्या रंगाचं, हिवाळ्यात उन्हाला येऊन बसतं. न बघता कपारीत हात घालायचा नाही, दगडावर बसायच्या आधी काठीनं ठोकायचं, सकाळी बूट झटकून घालायचे. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. हात-पाय हलणार नाही असा ठेवायचा, अंगठी-कडं-घड्याळ काढायचं, माणसाला चालू न देता उचलून खाली आणायचं आणि १०८ ला फोन. फोन लागत नसेल तर एकानं रेंज मिळेपर्यंत पळायचं, बाकीच्यांनी थांबायचं. भगताकडे जाऊन वेळ घालवू नका, प्रतिविष दवाखान्यातच मिळतं.

रविवारी परतताना तीनच्या आत पाली सोडा आणि खोपोलीवरून जा. चारनंतर वडखळला अलिबागहून परतणारी अख्खी मुंबई असते.